पाच कागद, एक माणूस

(एका तालुक्याच्या गावी स्थानिक डॉक्टर मंडळी आणि नागरिक यांच्या संयुक्त मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आरंभीच एक कबुली देतो. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्ण या नात्याने आला, रुग्णाचा नातेवाईक या नात्याने आला आणि पोटापाण्यासाठी बातम्या लिहिणारा या नात्याने आला. तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरांना मी वैद्यक शिकवायला निघालो आहे, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'गावातल्या डॉक्टरला हृदयविकाराचा धोका आधी ओळखता यावा, यासाठी त्याचे शिक्षण कसे व्हावे?' हा विषय एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला द्यावा, असे मी त्यांना सुचवले होते. त्यावर संयोजक म्हणाले, "तज्ज्ञ येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात आणि जेवून जातात. तुम्ही तुमच्या दादांची गोष्ट सांगा." म्हणून मी उभा आहे.

आमचे दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. २००८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहाटे तीनच्या सुमारास छातीत कळ येऊन ते गेले. आदल्या संध्याकाळी ते आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. छातीत जळजळते, घशाशी येते, अशी तक्रार होती. पित्ताची गोळी मिळाली. आमचे डॉक्टर म्हणजे आमच्या घरातलेच माणूस. माझ्या आईच्या अखेरच्या आजारात रात्री दीड वाजता सायकलवरून आलेले. त्यांच्याविषयी आज येथे मी एक शब्दही कडू बोलणार नाही आणि माझ्या मनातही तो नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी दादांची पत्र्याची पेटी माझ्यासमोर ठेवली. शिक्षकाची पेटी; प्रत्येक कागद जपलेला. त्यात मला पाच कागद सापडले. एक शाळेच्या आरोग्य तपासणीचा, त्यावर रक्तदाब १४४/९२ आणि पुढे 'वयानुसार ठीक' असा शेरा. दुसरा विम्याच्या वेळच्या तपासणीचा, त्यात उपाशीपोटीची साखर ११८, शेरा 'काठावर'. तिसरा एका शिबिरातला, त्यात कोलेस्टेरॉल २२६, शेरा 'तळलेले कमी खा'. चौथा दातांच्या दवाखान्यातला, 'तंबाखू सोडावी'. दादा दिवसातून आठ-दहा वेळा चुना लावून तंबाखू मळत असत. आणि पाचवा कागद वैद्यकीय नव्हताच. आमच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला होता तो. कारण : हृदयविकाराचा झटका. वय : बावन्न.

पाच कागद, पाच ठिकाणचे. प्रत्येक कागदावरचा आकडा वेगळा घेतला तर घाबरण्यासारखा नव्हता. पण ते पाचही कागद एका माणसाचे होते आणि ते एका टेबलावर, एका वेळी, कोणाही डॉक्टरसमोर कधीच आले नाहीत. पुढे वर्षभराने मी ते आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "अरे, हे मला यातले एकेक ठाऊक होते. तुझ्या वडिलांना तर मीच दाखला दिला होता. पण हे असे एकत्र मांडून बघायचे असते, हे मला कोणी शिकवलेच नाही." त्यांच्या त्या वाक्यामुळे गेली अनेक वर्षे मी या विषयाच्या मागे लागलो आहे.

राष्ट्राध्यक्षांचा रक्तदाब

आमच्या डॉक्टरांना दोष द्यायचा तर तो जगातल्या फार मोठमोठ्या डॉक्टरांनाही द्यावा लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे उदाहरण घ्या. १९३५ साली त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ साली तो १६२/९८ झाला, १९४१ साली १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर मूळचे नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. या वयात इतका रक्तदाब असायचाच, असे तेव्हा सर्रास मानले जाई. वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो, तो खाली आणणे धोक्याचे, असेही मत प्रचलित होते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा हृदय मोठे झालेले होते आणि थकलेलेही. त्यानंतरही लोकांना सांगितले जात होते ते प्रकृती उत्तम असल्याचेच. याल्टाच्या परिषदेत जगाच्या नकाशाच्या वाटण्या करायला हाच माणूस बसला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी वरचा आकडा तीनशेच्या घरात होता. वय त्रेसष्ट.

ज्या देशाच्या प्रमुखाची ही कथा, त्या देशाने यातून एक गोष्ट मात्र केली. १९४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या लहानशा गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंदणी झाली. सगळे वरकरणी धडधाकट. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे, लिहून ठेवायचे आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, हे धीराने पाहत राहायचे. उपचारांचा प्रयोग नाही, नवे औषध नाही. नुसती चिकाटीची नोंद. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणारी माणसे असत, त्यांची आठवण व्हावी असे काम. १९६१ साली विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींवरून जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने 'जोखमीचे घटक' ही कल्पना वैद्यकात रुजवली. वाढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी संबंध आकड्यांनी दिसला. पुढे धूम्रपान, मधुमेह यांचीही भर पडली.

त्यातून निघालेली खरी मोलाची गोष्ट अशी, की हे घटक एकमेकांत नुसते मिळवायचे नसतात, ते एकमेकांना वाढवतात. म्हणून 'तुमचा रक्तदाब किती?' हा प्रश्न अपुरा. 'तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकी येत्या दहा वर्षांत किती जणांना झटका किंवा पक्षाघात होईल?' हा पुरा प्रश्न. त्याचे उत्तर शंभरात दोन असेल किंवा शंभरात तीस. धोक्याचे मूल्यमापन म्हणतात ते हेच. वय, स्त्री की पुरुष, वरचा रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, एवढी सहा-सात उत्तरे एका कोष्टकात बसवायची आणि एक आकडा काढायचा.

डॉक्टरसाहेब, आपल्या दवाखान्यात दोन माणसे आली आहेत, अशी कल्पना करा. एक चाळिशीची शिक्षिका, कोलेस्टेरॉल २३०, बाकी सर्व निर्मळ. दुसरे साठीचे शेतकरी, कोलेस्टेरॉल १९०, रक्तदाब १३८, साखरेचा आजार, विड्या ओढणारे. आपल्या समाजात औषध कोणाला मिळते? शिक्षिकेला. कारण तिच्या अहवालात आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो, शेतकऱ्याचे आकडे मात्र छापील मर्यादेच्या आत असतात. कोष्टकात घातले तर उलटे दिसते. कोलेस्टेरॉलच्या गोळीने धोका साधारण चतुर्थांश कमी होतो, असे धरू. शंभरात तीस धोका असलेल्या शंभर माणसांना ती दिली तर सात-आठ जण वाचतात. शंभरात दोन धोका असलेल्यांना दिली तर दोनशे माणसांमागे एक. गोळी तीच, किंमतही तीच. वर्तमानपत्रात आम्ही 'धोका पंचवीस टक्क्यांनी घटला' असा मथळा छापतो आणि कोणाचा, कितीवरून किती, हे लिहीत नाही. या पापात माझाही वाटा आहे.

कोष्टक कोणाचे?

आता एक अडचण. फ्रेमिंगहॅमची माणसे बहुतांश गोऱ्या वंशाची, अमेरिकेतल्या एका गावची. त्यांच्यावरून काढलेले सूत्र आमच्या दादांना लागू पडेल का?

इंटरहार्ट या नावाने ओळखला जाणारा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख डॉ. सलीम युसुफ हे मूळचे केरळचे, बंगळूरुला वैद्यक शिकलेले. पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ ओळखीच्या घटकांनी समजावता येतो, आणि हे घटक जगभर तेच आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही दक्षिण आशियातील माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्यातून दिसले. आमच्याकडे वयाचा मध्य त्रेपन्न, अन्यत्र एकोणसाठच्या आसपास. कर्त्या माणसाच्या आयुष्यातली ही पाच-सहा वर्षे म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घराचे हप्ते.

ब्रिटनमध्ये २००७ साली तेथील सामान्य डॉक्टरांच्या संगणकातील नोंदींवरून 'क्यूरिस्क' हे सूत्र तयार झाले. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या सुधारित आवृत्तीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे मूळ विचारले जाऊ लागले; राहत्या वस्तीची गरिबी तर पहिल्या आवृत्तीपासूनच मोजली जात होती. २००९ पासून तिथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी तपासणीसाठी बोलावण्याची योजना सुरू झाली. २०१४ साली औषधाचा विचार करण्याची मर्यादा दहा वर्षांत वीस टक्के धोक्यावरून दहा टक्क्यांवर आणली गेली. लंडनजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाला त्याच्या डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा वळवून त्याचा आकडा दाखवला. तो मला फोनवर म्हणाला, "अरे, माझे वय बेचाळीस आणि माझ्या हृदयाचे वय एकावन्न निघाले!" त्या दिवशी त्याने सिगारेट सोडली. मला मात्र त्या वेळी दादांची पेटी आठवली.

न्यूझीलंडचे उदाहरण मला अधिक भावते. तिथे नव्वदच्या दशकात रॉड जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगीत कोष्टके काढली. २००२ पासून डॉक्टरांच्या संगणकात एक अशी सोय झाली, की डॉक्टर रुग्णाचा धोका मोजतो त्याच क्षणी ती नोंद, नाव झाकून, एका अभ्यासात जमा होते. मोजणारा डॉक्टर आणि अभ्यासक वेगळे उरलेच नाहीत. अशा सुमारे चार लाख लोकांच्या नोंदींवरून २०१८ साली त्यांनी स्वतःचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यातून कळले, की जुने उसने सूत्र धोका वाजवीपेक्षा जास्त दाखवत होते. त्याच वर्षी तिथे ठरले, की एरवी पुरुषांची तपासणी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करावी, पण माओरी, पॅसिफिक बेटांवरील आणि दक्षिण आशियाई पुरुषांची तिसाव्या वर्षी. पन्नास लाख वस्तीचा देश आपले सूत्र आपण काढतो. आपण १४० कोटी. सामान्य डॉक्टरांच्या रोजच्या नोंदींतून आपले सूत्र आपणही काढायला हवे, असे मला वाटते.

तोवर हाताशी काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेली कोष्टके, ज्यांत दक्षिण आशियासाठी स्वतंत्र कोष्टक आहे. त्याचा एक प्रकार रक्ततपासणीशिवाय, केवळ उंची-वजनावर चालतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि गडद लाल असे रंग. आदिवासी पाड्यावरच्या उपकेंद्रातही ते भिंतीवर लावता येते. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते.

पण तेही डोळे मिटून वापरायचे नाही. कोष्टक विचारते, 'धूम्रपान करता का?' २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के. आणि बिनधुराची तंबाखू म्हणजे मळलेली, गुटख्यातली, मिश्रीतली खाणारे वा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे जो प्रश्न कोष्टक विचारते त्याला आमचे दादा निःशंकपणे 'नाही' म्हणाले असते, आणि ते खरेच होते! इंटरहार्टच्याच पुढच्या विश्लेषणात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. आमच्या घरात मिश्री लावणाऱ्या आजीला कोणी 'व्यसनी' म्हटले असते तर घरात महाभारत झाले असते.

गंमत अशी, की आपल्या आशाताई तीस वर्षांवरील लोकांचा जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात गुटखा-खैनीचा प्रश्न आहे. कमरेचा घेर आहे, व्यायाम आहे, घराण्यातला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे. चारपेक्षा अधिक गुण झाले की माणसाला प्राधान्याने तपासणीला पाठवायचे. रोजची तंबाखू आणि घराण्यातला आजार या दोनच उत्तरांचे चार गुण होतात. वयाचा गुण मिळवला की दादा त्या रेषेपलीकडे गेले असते. त्यांच्या हयातीत हा फॉर्म नव्हता. आज आहे. आशाताईने तो भरून दिल्यावर तो डॉक्टरच्या टेबलावर पोचतो का, आणि पोचला तर डॉक्टर तो उलटून पाहतो का, हा माझ्या आजच्या विषयाचा गाभा.

डॉक्टर शिकतो कसा?

आपल्याकडे समजूत अशी, की डॉक्टरला नवी माहिती द्यायची म्हणजे व्याख्यान ठेवायचे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी टिकवण्यासाठी आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. नियम योग्य आहे. पण ते तास कसे जमतात, हे समोरच्या मंडळींना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. हॉटेलचे सभागृह, मागच्या बाजूला कंपनीचा फलक, नोंदवहीत सही आणि पनीर टिक्का. (हशा.) आपण हसलात, म्हणजे मी फार चुकीचे बोललेलो नाही.

१९९९ साली डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा शिक्षणाच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नुसत्या ऐकण्याच्या व्याख्यानाने डॉक्टरांचे वागणे बदलल्याचे दिसले नाही. जिथे डॉक्टरने स्वतः उदाहरण सोडवले, सराव केला, परस्परांशी चर्चा केली, तिथे बदल दिसला. गणिताच्या मास्तरांना हे सांगायला अभ्यास लागत नाही. फळ्यावरचे गणित पाहून कोणी पास होत नाही.

त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत जेरी एव्हॉर्न यांनी एक नामी कल्पना लढवली. त्यांच्या लक्षात आले, की डॉक्टरचे औषध लिहिणे खरोखर बदलण्यात यशस्वी होणारी एक जमात आहेच, ती म्हणजे कंपन्यांचे एम.आर. ते व्याख्यान देत नाहीत. दवाखान्यात येतात, नावाने ओळखतात, पाच मिनिटांत एकच मुद्दा सांगतात, हातात कागद देतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. मग हीच रीत ज्ञानासाठी का वापरू नये? चार राज्यांतल्या चारशेहून अधिक डॉक्टरांवर प्रयोग झाला. काहींना नुसती छापील पत्रके टपालाने पाठवली. काहींकडे पत्रकांबरोबर प्रशिक्षित औषधनिर्माता स्वतः भेटीस गेला. नुसत्या पत्रकांनी काही झाले नाही. भेटीने अनावश्यक औषधांचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. नंतर जगभर या रीतीचे प्रयोग झाले. परिणाम डोळे दिपवणारे नाहीत, पण पुन्हा पुन्हा तेच दिसते. थोडा, पण टिकाऊ फरक.

आपल्या देशात याला सर्वांत जवळचे काम झाले ते रक्तदाबाच्या बाबतीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला भलामोठा ग्रंथ दिला नाही. एक पान दिले. पहिली गोळी कोणती, महिन्याने दाब उतरला नाही तर पुढची कोणती, हे भिंतीवर लावलेले. औषधांचा साठा आधी भरला, परिचारिका आणि आरोग्यसेवक यांना मोजणी शिकवली, रुग्णाचे कार्ड ठेवले, आणि आला नाही तर त्याला फोन करायचा. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते यातला खरा धडा असा, की शिक्षण एकटे चालत नाही. धोका ओळखायला शिकवले आणि कपाटात गोळी नसली, तर पुढच्या महिन्यात डॉक्टर ओळखणेही सोडून देतो. कोणीही सोडेल.

आणखी एक नाजूक मुद्दा. गावात पहिला डॉक्टर कोण असतो? बहुतेक ठिकाणी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. आरोग्य उपकेंद्रांत नेमलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांतही आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. कोणी काय लिहावे, याचा वाद न्यायालये आणि परिषदा मिटवतील तेव्हा मिटवोत. पण रक्तदाब नीट मोजणे, तंबाखूविषयी विचारणे, घराण्याचा इतिहास लिहिणे आणि कोष्टकावर बोट ठेवून धोका सांगणे याला कोणत्या पॅथीची आडकाठी आहे? रोगी आजारी पडण्याआधी त्याची दिनचर्या विचारणे हे तर आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. त्याला या शिक्षणातून वगळणे म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राला वगळणे.

आणि हे शहरातल्या सुखवस्तू लोकांचे दुखणे आहे, असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ८६ गावांत दोन वर्षांतले मृत्यू तपासले. मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले पक्षाघात, सुमारे १४ टक्के. जंगलातल्या गावांत, जिथे आपण अजून मलेरिया आणि साप यांचीच कल्पना करतो.

पाच मिनिटे गप्प

शेवटी एका लहानशा गोष्टीकडे येतो, कारण सगळे कोष्टक तिच्यावर उभे आहे. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने स्टेथोस्कोप लावून रक्तदाब मोजण्याची रीत सांगितली. रीत जुनी झाली, पण मोजणे अजून बिघडलेलेच आहे. मी गेल्या दोन महिन्यांत निरनिराळ्या नऊ दवाखान्यांत आणि शिबिरांत रक्तदाब मोजून घेतला. पत्रकाराची खोड. नऊपैकी सात ठिकाणी सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला. सहा ठिकाणी मी जिना चढून आल्या आल्या. एके ठिकाणी मोजणारी मुलगी मला माझ्या मुलाच्या लग्नाविषयी विचारत होती आणि मी उत्तर देत होतो. बोलताना दाब वर जातो, पाठीला टेका नसेल तर जातो, हात लोंबता असेल तर जातो, लघवीची भावना असेल तरी जातो. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो. माझे आकडे १२६ पासून १५८ पर्यंत निघाले. यातल्या कोणत्या आकड्यावर माझा धोका ठरवावा?

अधिकृत रीत अगदी साधी आहे. पाच मिनिटे शांत बसवावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. उघड्या दंडावर, दंडाच्या मापाचा पट्टा. हात हृदयाच्या पातळीला टेकलेला. मोजताना कोणीही बोलायचे नाही. दोनदा मोजायचे. दिवसाला साठ रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला पाच मिनिटे कुठून मिळायची, हे आपण विचाराल. नाहीच मिळत. म्हणून बाहेरच्या बाकड्यावर नंबर लावून बसलेल्या माणसाला तिथेच, मदतनीस मुलीने मोजावे. तो तिथे वीस मिनिटे बसतोच. फक्त तिला शिकवायला हवे, आणि शिकवल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहायला हवे, कारण हात सवयीवर परत जातात.

आमच्या डॉक्टरांनी पुढे काय केले, हे बऱ्याच जणांनी मला विचारले आहे. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, दवाखाना सुनेकडे आहे. दादा गेल्यानंतर त्यांनी केस पेपरच्या डाव्या बाजूला लाल शाईने एक चौकट आखायला सुरुवात केली. वय, तंबाखू, साखर, दाब, कोलेस्टेरॉल, वडील-भाऊ. सगळ्या जुन्या रुग्णांच्या पेपरवर ती चौकट भरायला त्यांना दीड वर्ष लागले. कोष्टक तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. ते म्हणाले, "तीन खाने लाल झाले की मी त्याला उठू देत नाही." किती जणांना त्याचा उपयोग झाला, याचा हिशेब त्यांच्याकडे नाही आणि मीही विचारला नाही. माझा स्वतःचा पेपर त्यांनी काढला तेव्हा त्यात दोन खाने भरले होते. त्यातला एक, वडील-भावाचा, मला बदलता येत नाही. दुसऱ्याची गोळी मी रोज सकाळी घेतो.

संयोजकांनी बाहेरच्या ओसरीवर चार खुर्च्या, दोन यंत्रे आणि तीन मापांचे पट्टे ठेवले आहेत. भिंतीवर कोष्टक लावले आहे. डॉक्टर मंडळींना विनंती, की तुम्ही आधी एकमेकांचे मोजा, उदाहरण म्हणून एकमेकांचाच आकडा काढा. बाकीच्यांनी रांगेत बसावे. आणि कृपा करून, पाच मिनिटे कोणी कोणाशी बोलू नये.